थेंबाचा कोन ओळखणारा डॉक्टर

तुम्ही सायन्सला असाल तर थॉमस यंग हे नाव तुम्ही किमान दोनदा लिहिलेलं असणार. एकदा अकरावीत, तारेला वजन लावून यंग्ज मोड्यूलस काढताना. दुसऱ्यांदा बारावीत, दोन फटींतून आलेल्या प्रकाशाचे पट्टे काढताना. तिसऱ्यांदाही तो भेटतो, पण तिथे त्याचं नाव सहसा कानावर पडत नाही. केशनलिकेत पाणी वर का चढतं आणि पारा खाली का जातो, हे शिकताना स्पर्शकोन नावाची एक गोष्ट येते ना, ती त्याचीच. आणि तुम्ही आर्ट्सला असाल, भाषाविज्ञान घेतलं असेल, तरी सुटका नाही. मराठी ज्या मोठ्या भाषाकुळात येते त्या कुळाला इंडो-युरोपियन हे नाव १८१३ मध्ये छापून वापरलं ते याच माणसाने.

एकच माणूस, बरं का. आणि पेशाने डॉक्टर.

आपल्याकडे अशा माणसासाठी एक म्हण तयारच असते. एक ना धड, भाराभर चिंध्या. यंगला ती त्याच्या हयातीत त्याच्या भाषेत पुष्कळदा ऐकावी लागली असेल. इंजिनीअरिंग करता करता नाटक करणाऱ्या, बीकॉमला असून कोडिंग शिकणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांनाही ती घरी ऐकावी लागते. म्हणून ही गोष्ट तुमच्यासाठी.

आजोळचं पोर

१३ जून १७७३. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं मिल्व्हर्टन नावाचं लहानसं गाव. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे साधे कपडे, साधं बोलणं, नाचगाण्याला थारा नाही. दहा भावंडांत थॉमस सगळ्यात मोठा. लहानपणीची बरीच वर्षं तो आजोळी वाढला. दुसऱ्या वर्षी तो वाचायला लागला होता आणि चार वर्षांचा होईपर्यंत त्याचं बायबल दोनदा वाचून झालं होतं. चौदाव्या वर्षी ग्रीक आणि लॅटिन पक्कं, शिवाय फ्रेंच, इटालियन, हिब्रू, अरबी, फारसी अशा भाषांशी ओळख. याशिवाय लेथवर लाकूड-धातू कातायला शिकणं, स्वतःच्या हाताने दुर्बीण बनवणं, हेही चालूच.

असं वाचलं की आपण लगेच ‘जीनियस’ असा शिक्का मारून मोकळे होतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. शाळेत तो थोडीच वर्षं गेला. पुढे एका श्रीमंत क्वेकर घरात, त्या घरच्या नातवाचा अभ्यासातला सोबती म्हणून, तो पाच वर्षं राहिला. तो मुलगा म्हणजे हडसन गर्नी. दोघं एकत्र शिकत, पण थॉमस बहुतेक सगळं स्वतःच शिके आणि मग मित्राला शिकवे. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुस्तक हातात घ्यायचं, कुणालाही न विचारता शेवटपर्यंत भिडायचं, ही सवय त्याला इथे लागली. तिचा फायदा झाला, तसा तोटाही झाला. तो पुढे येईलच.

स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग

त्याचे एक नातेवाईक, आईचे मामा, लंडनमध्ये नावाजलेले डॉक्टर होते. रिचर्ड ब्रॉकल्सबी. त्यांनी ठरवलं, पोराने डॉक्टर व्हायचं. १७९३ मध्ये थॉमस लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये शिकायला लागला. त्याच वर्षी त्याने रॉयल सोसायटीसमोर एक निबंध मांडला. आपण जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट पाहू शकतो, कारण डोळ्यातलं भिंग स्वतःचा आकार बदलतं, असं त्याचं म्हणणं. पुढच्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. वय २१. तुमच्यातले बरेचजण या वयात बॅकलॉग क्लिअर करत असतात, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः बावीस वर्षांची इंटर्न आहे.

पुढे तो एडिंबराला गेला. तिथे क्वेकर पोशाख आणि रीतिरिवाज हळूहळू सुटले. नाच शिकला, बासरी शिकला, नाटकं पाहिली. मग जर्मनीतलं गटिंगन, तिथून १७९६ मध्ये डॉक्टरेट. मग केंब्रिजचं इमॅन्युएल कॉलेज, कारण लंडनच्या डॉक्टरांच्या संस्थेत मानाची जागा हवी तर इंग्लिश विद्यापीठाचा शिक्का लागायचा. डिग्रीच्या मागे धावणं हे काही आजचं नाही. केंब्रिजमध्ये पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘फिनॉमिनन यंग’. यात कौतुक किती आणि टिंगल किती, तुम्हीच ठरवा.

१७९७ च्या शेवटी मामाआजोबा वारले. त्याच्या नावे लंडनमधलं घर, पुस्तकं, चित्रं आणि सुमारे १०,००० पौंड ठेवून गेले. पैशांची चिंता मिटली. लंडनच्या वेलबेक स्ट्रीटवर त्याने दवाखाना थाटला. पेशंट कमी, वेळ भरपूर.

या वेळात त्याने डोळ्याचा जुना प्रश्न पुन्हा हातात घेतला. काहींचं म्हणणं होतं की फोकस बदलतो तो डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यामुळे, म्हणजे कॉर्नियामुळे. यंगने काय केलं असेल? पाणी भरलेली, पुढे भिंग लावलेली छोटी नळी स्वतःच्या उघड्या डोळ्याला लावली. पाणी कॉर्नियाला टेकलं की कॉर्नियाचा प्रकाश वाकवण्याचा गुण जवळजवळ संपतो. तरीही त्याला जवळचं-लांबचं फोकस करता आलं. म्हणजे काम कॉर्नियाचं नाही, आतल्या भिंगाचंच. याच मोजमापांतून त्याला कळलं की आपल्याच डोळ्यात एक दोष आहे, उभ्या आणि आडव्या दिशेचा फोकस वेगवेगळा पडतोय. चष्म्याच्या नंबरात आज ‘सिलिंड्रिकल’ म्हणून जो आकडा येतो, तो दोष त्याने १८०१ मध्ये असा नीट मांडला. रंग ओळखायला डोळ्यात तीनच प्रकारच्या ग्रहणशक्ती पुरतात, ही कल्पनाही त्याचीच, १८०२ च्या सुमाराची. तुमच्या मोबाईलचा स्क्रीन लाल, हिरवा, निळा एवढ्यावरच चालतो, त्याचं मूळ इथे आहे.

ट्रोलिंग, सन १८०३

१८०१ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनने त्याला प्राध्यापक नेमलं. दोन वर्षांत त्याने ९१ व्याख्यानं दिली. पंप, घड्याळं, भरती-ओहोटी, संगीत, उष्णता, प्रकाश, सगळं. श्रोते कोण? लंडनमधले हौशी, फॅशनेबल लोक. त्यांना हम्फ्री डेव्हीची धडाडधूम रसायनं आवडायची. यंग एका वाक्यात चार पानांचा मजकूर कोंबायचा. लोक कंटाळायचे. स्वतःच शिकलेल्या माणसाला समोरच्याला कुठे अडतंय ते कळत नाही. वर म्हटलं होतं ना तोटा, तो हा.

नोव्हेंबर १८०३ मध्ये त्याने रॉयल सोसायटीत एक साधा प्रयोग सांगितला. खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडायचं. आत येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत इंचाच्या एक-तीसांश जाडीची कार्डाची पट्टी आडवी धरायची. तिरीप दोन भागांत वाटली जाते आणि सावलीत उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. एक बाजू झाकली की पट्टे गायब. उजेडात उजेड मिळवला आणि अंधार झाला, तर प्रकाश हे कण कसे असतील? त्या लाटाच असणार. दोन फटींचा प्रयोग म्हणून आपण जो शिकतो, त्याचं वर्णन त्याने पुढे १८०७ च्या पुस्तकात केलं. पण १८०३ चं हत्यार होतं हे कार्ड.

पण न्यूटन म्हणाला होता प्रकाश म्हणजे कण. इंग्लंडमध्ये न्यूटनच्या विरोधात बोलणं म्हणजे काय, ते तुम्ही ताडलं असेल. एडिंबरा रिव्ह्यू नावाचं नवं, जोरात चालणारं नियतकालिक होतं. त्यात हेन्री ब्रूम या तरुण वकिलाने यंगच्या निबंधांची चिरफाड केली. लेखाखाली नाव नाही. युक्तिवाद कमी, टवाळी जास्त. आज आपण ज्याला ट्रोलिंग म्हणतो, त्याचाच हा छापील अवतार. यंगने १८०४ मध्ये उत्तर म्हणून एक पुस्तिका छापली. तिची एकच प्रत खपली, असं तो स्वतःच पुढे सांगायचा. ब्रूम मात्र पुढे इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर झाला.

यंगने रॉयल इन्स्टिट्यूशन त्याआधीच सोडलं होतं. कारण काय, तर पेशंटना वाटू नये की हा डॉक्टर भलत्याच गोष्टींत रमतोय. विज्ञानाबाहेरचे आणि विज्ञानाचेही पुष्कळ लेख तो यानंतर निनावी लिहायला लागला. जे लिहायचं ते लपून लिहायचं. जून १८०४ मध्ये एलायझा मॅक्सवेलशी त्याचं लग्न झालं. सगळ्यांना वाटलं, आता हा शहाण्यासारखा डॉक्टरकी करेल.

आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने रॉयल सोसायटीसमोर पुन्हा एक निबंध वाचला. विषय, द्रव पदार्थ कसे चिकटतात.

थेंबाच्या काठावरची रस्सीखेच

अळवावरचं पाणी हा शब्द आपण क्षणभंगुर गोष्टीसाठी वापरतो. अळूच्या पानावर थेंब मोत्यासारखा गोल राहतो, पान कललं की घरंगळून जातो, पान कोरडंच्या कोरडं. तोच थेंब स्वच्छ काचेवर टाका. लगेच पसरतो. पाणी तेच, फरक कुठे पडला?

यंगचं उत्तर असं. थेंबाच्या काठावर, जिथे पाणी, हवा आणि खालचा पृष्ठभाग तिघं एकत्र येतात, तिथे तीन बाजूंनी ओढ चालू असते. कोरडा पृष्ठभाग काठाला बाहेर ओढतो. पाण्याखाली गेलेला पृष्ठभाग आत ओढतो. आणि पाण्याची वरची कातडी, म्हणजे पृष्ठताण, तिरकी ओढते. ही तिघांची रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटते तिथे काठ थांबतो. थांबताना पाण्याची कड पृष्ठभागाशी एक ठरावीक कोन करते. थेंब लहान असो की मोठा, कोन तोच. तो ठरतो फक्त कोणता द्रव आणि कोणता पृष्ठभाग यावरून. हाच स्पर्शकोन.

कोन ९० अंशांपेक्षा कमी असेल तर पृष्ठभागाला पाणी आवडतं, तो जलस्नेही. जास्त असेल तर पाणी नकोसं, तो जलद्वेषी. स्वच्छ काचेवर पाण्याचा कोन जवळपास शून्य. काचेवर पाऱ्याचा १४० अंशांच्या आसपास. टेफ्लॉनच्या तव्यावर पाण्याचा साधारण ११०. कमळाच्या पानावर १५० च्याही वर.

गंमत म्हणजे हा निबंध जवळजवळ सगळा शब्दांत आहे. आज ज्याला आपण यंगचं समीकरण म्हणतो, ते त्या निबंधात समीकरण म्हणून दिसतच नाही. वाक्यं आहेत, लांबलचक. आम्हाला मास कॉमला शिकवतात की आकडेमोड टाळा, शब्दांत सांगा. यंगने तेच केलं आणि फसला, कारण त्याच्या शब्दांपेक्षा समीकरण सोपं पडलं असतं. १८०६ मध्ये फ्रान्समधल्या लाप्लासने याच विषयावर रीतसर गणित मांडलं आणि जगाने ते उचललं. १८३० मध्ये गाऊसने त्या कोनाची गणिती सिद्धता वेगळ्या वाटेने दिली. हा गाऊस १७९५ मध्ये गटिंगनला शिकायला आला, ज्या वर्षी यंगही तिथे होता. थेंबाच्या आतल्या दाबाचं सूत्र आज यंग आणि लाप्लास अशा दोघांच्या नावाने ओळखलं जातं.

पंप नाही, भिंत नाही

आता दोनशे वर्षं पुढे उडी मारू. कारण या कोनाचं खरं नशीब आत्ता उघडलंय.

मायक्रोफ्लुइडिक्स हा शब्द तुम्ही ऐकला असेल. केसाएवढ्या बारीक वाटांमधून द्रव नेणारी उपकरणं. रक्ताचा एक थेंब टाकायचा आणि अख्ख्या लॅबचं काम बोटभर चिपवर करून घ्यायचं, असं हे स्वप्न. अडचण एकच. वाट इतकी बारीक की द्रव ढकलायचा कसा? पंप लावा, नळ्या जोडा, म्हणजे बोटभर चिपला टेबलभर यंत्रं.

इथे यंगचा कोन कामी येतो. वाटेच्या भिंती जलस्नेही असतील तर पाणी स्वतःहून आत शिरतं, कुणी ढकलायला नको. वाट जितकी बारीक तितकी ओढ जास्त. एक-दशांश मिलिमीटर व्यासाची स्वच्छ काचेची नळी पाण्यात उभी धरली, तर पाणी जवळजवळ २९ सेंटीमीटर वर चढतं. फूटपट्टीएवढं! आणि भिंती जलद्वेषी असतील तर उलट, ढकलल्याशिवाय पाणी आत जाणार नाही. म्हणजे वाटेत मध्येच एक जलद्वेषी पट्टा ठेवला की तो झाला थांबा. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी तो ओलांडतं, तोपर्यंत थांबतं. हलणारा एकही भाग नसलेली झडप.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या बिन झाओ, जेफ्री मूर आणि डेव्हिड बीबी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याहून पुढची गोष्ट दाखवली. वर काच, खाली काच, मध्ये सपाट पोकळी. काचेच्या काही भागावर त्यांनी रेणूंचा एकपदरी जलद्वेषी थर चढवला, काही भाग तसाच जलस्नेही ठेवला. पाणी सोडलं तर ते फक्त जलस्नेही वाटेने गेलं. बाजूला भिंतच नाही, हवा आहे, तरी पाणी रेषा सोडेना. त्यांनी याला आभासी भिंत म्हटलं. दाब फार वाढवला की भिंत फुटते. किती दाबाला फुटेल, ते ठरतं स्पर्शकोन, पृष्ठताण आणि पोकळीची उंची यांवरून. उंची कमी, तर भिंत पक्की. आणि भिंत हवेची असल्याने बाजूचा वायू थेट पाण्याला भिडतो, म्हणजे वायू आणि द्रव यांची रासायनिक क्रिया अख्ख्या वाटभर घडवता येते.

मग २००७ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने हीच कल्पना कागदावर आणली. कागद पाणी पितो. त्यावर पाणी न पिणाऱ्या पदार्थाच्या रेषा आखल्या की मधली कोरी वाट म्हणजे कालवा. एका टोकाला लघवीचा थेंब टाका, फांद्यांच्या टोकाला रंग बदलून साखर किती, प्रथिनं किती ते कळतं. जिथे लॅब नाही, वीज नाही, तिथे हे पोचू शकतं. घरी आजोबांच्या ग्लुकोमीटरची पट्टी पाहिली आहे? बोटाला टोचलं, थेंब पट्टीच्या टोकाला नुसता टेकवला की रक्त आपोआप आत खेचलं जातं. कोविडच्या काळात घरोघरी केलेली रॅपिड टेस्ट आठवते? त्या पट्टीवरून द्रव दुसऱ्या टोकाला गेला तो कुणी ढकलल्याशिवाय. दोन्हीकडे चालवणारी शक्ती तीच, थेंबाच्या काठावरची रस्सीखेच.

एका डॉक्टरने हे ओळखलं होतं, हे मला फार आवडतं. त्याच्या स्वतःच्या पेशंटना त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

पुस्तक घेऊन आलेली एलायझा

यंगची डॉक्टरकी कधी फार चालली नाही. १८११ मध्ये सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये त्याला डॉक्टर म्हणून जागा मिळाली आणि ती त्याने मरेपर्यंत सांभाळली. पण गावभर नाव झालेला डॉक्टर तो नव्हता.

प्रकाशाच्या लाटा ब्रूमच्या लेखांनंतर जणू पडून राहिल्या. मग फ्रान्समध्ये फ्रेनेल नावाच्या तरुण इंजिनीअरने तेच स्वतंत्रपणे शोधलं, आणि गणितासकट. १८१६ मध्ये फ्रेनेलची बाजू घेणारा आरागो आणि त्याच्याबरोबर गे-ल्युसाक हे दोघं यंगला भेटायला इंग्लंडला आले. फ्रेनेलच्या शोधाचं कौतुक चाललं होतं. यंग म्हणाला, हे मी आधीच लिहिलंय. पाहुण्यांना पटेना. एलायझा काही न बोलता उठून आत गेली आणि नवऱ्याचा १८०७ चा जाडजूड ग्रंथ घेऊन आली. पान उघडून समोर ठेवलं. ही हकिकत पुढे आरागोनेच सांगितली.

यंग चिडून बसला नाही. १८१७ मध्ये त्याने आरागोला पत्रातून सुचवलं की प्रकाशाच्या लाटा पुढेमागे नाही, तर आडव्या हलत असाव्यात. फ्रेनेलच्या पुढच्या कामात ही कल्पना फार मोलाची ठरली.

मग रोझेटा शिला. १७९९ मध्ये इजिप्तमध्ये सापडलेला, एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला दगड. १८१४ पासून यंग त्याच्या मागे लागला. चौकटीत कोरलेलं टॉलेमी राजाचं नाव त्याने ओळखलं, काही चिन्हं ध्वनी दाखवतात हे ताडलं. १८१९ मध्ये एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पुरवणीत ‘इजिप्त’ या लेखात ते छापलं. पण पूर्ण कुलूप उघडलं ते १८२२ मध्ये शाँपोलियाँने. श्रेय कुणाचं किती, हा वाद दोघांच्या मरणानंतरही मिटला नाही. १८२८ मध्ये यंग पॅरिसला गेला तेव्हा मात्र शाँपोलियाँने त्याचं मनापासून स्वागत केलं आणि आपली टिपणं दाखवली.

पाहा ना, प्रत्येक ठिकाणी तेच. प्रकाशात फ्रेनेल, केशाकर्षणात लाप्लास, इजिप्तच्या लिपीत शाँपोलियाँ. दार यंगने किलकिलं केलं, आत दुसरा गेला. ज्यांनी आयुष्य एकाच गोष्टीला दिलं त्यांच्या पदरात ती पूर्ण पडली. ही किंमत यंगने मोजली आणि ती लहान नव्हती. म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं की सगळं थोडं थोडं करा, भारी होतं, तर यंगकडे बोट दाखवून चालणार नाही. पण उलटंही खरं आहे. डोळ्याच्या भिंगापासून पाण्याच्या भिंगापर्यंत आणि तिथून प्रकाशाच्या लाटेपर्यंत तो गेला, कारण त्याच्यासाठी ते वेगळे विषय नव्हतेच. चिंध्या म्हणाल तर चिंध्या. पण त्यांची गोधडी झाली आणि ती अजून कुणीतरी पांघरतंय.

शेवटची पेन्सिल

१८२७ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला परदेशी सदस्य करून घेतलं. दोन वर्षांत तब्येत ढासळली. अंथरुणात पडल्या पडल्या तो प्राचीन इजिप्तच्या रोजच्या वापरातल्या लिपीचा शब्दकोश करत होता. हातात पेन धरवेना, तर पेन्सिल धरली. १० मे १८२९ रोजी लंडनमध्ये तो गेला. वय ५५. मूल नव्हतं. एलायझाने त्याला केंटमधल्या फार्नबरोच्या चर्चमध्ये आपल्या माहेरच्यांच्या शेजारी पुरलं. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या नावाची स्मृतिशिला लागली. तिच्यावरचा मजकूर लिहिला त्याच्या अभ्यासातल्या सोबत्याने, हडसन गर्नीने.

या शनिवारी करून पाहा

हे वाचून झाल्यावर एक गोष्ट करा, पंधरा मिनिटांचं काम आहे. केमिस्ट्री लॅबमधला फिल्टर पेपर किंवा जाडसर टिपकागद घ्या. मेणाच्या खडूने त्यावर दोन समांतर रेषा दाबून ओढा, मध्ये अर्धा सेंटीमीटर जागा ठेवा. पुढे जाऊन त्या वाटेला दोन फांद्या फोडा. एका टोकाला वाट उघडी ठेवा, बाकी सगळीकडे मेणाने बंद करा. वरखाली साधा कागद ठेवून त्यावरून काही सेकंद गरम इस्त्री फिरवा, म्हणजे मेण वितळून कागदाच्या आरपार जाईल. मग उघड्या टोकाला रंगीत पाण्याचा थेंब टाका.

रंग वाटेने चालत जाईल, फाट्यावर दोन्हीकडे वळेल आणि मेणाच्या रेषेला अडेल. मेण नीट उतरलं नसेल तिथे गळेल. मग पुन्हा करा. जमलं की कागद तिरका धरून बघा, उलटा धरून बघा. पाणी तुमचं ऐकणार नाही. मेणाच्या कडेशी चाललेल्या रस्सीखेचीचं ऐकेल.